ढोलाला परवाना कोण देणार?

पूर्व आफ्रिकेतल्या बुरुंडी देशातल्या ढोलांचा विषय निघाला की दोन फळ्या लगेच तयार होतात. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये तिथले तेव्हाचे अध्यक्ष पिएर न्कुरुन्झिझा यांनी एक आदेश काढला. स्त्रियांनी ढोल वाजवायचा नाही. फार तर ढोलांच्या साथीनं बायकांची लोकनृत्यं करावीत. ढोलवादकांच्या प्रत्येक गटानं संस्कृती मंत्रालयात नोंदणी करावी, आणि सरकारी समारंभाबाहेर कुठंही वाजवायचं तर मंत्रालयाची परवानगी घ्यावी व शुल्क भरावं. या आदेशावर तेव्हा जगभर चर्चा झाली आणि अजूनही अधूनमधून होते. एक फळी म्हणते, हा स्त्रियांवरचा उघड अन्याय आहे. दुसरी म्हणते, ही बुरुंडीची परंपरा आहे, बाहेरच्यांनी तीत नाक खुपसू नये. मला ही सगळी चर्चाच चुकीच्या जागी अडकलेली वाटते. पहिल्या फळीचं म्हणणं खरं असलं तरी अर्धं आहे, आणि दुसरी फळी ज्या परंपरेची ढाल पुढे करते ती परंपरा या आदेशानं राखलेली नाही, ताब्यात घेतली आहे. स्त्रियांना मनाई करणारं कलम आणि परवान्याचं कलम एकाच मुळातून आलेली आहेत. ढोल गावाचा नाही, सरकारचा, हे ते मूळ. वाद घालायचा तर त्यावर घालायला हवा.

आधी हा ढोल काय आहे ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो फक्त पडद्यावर पाहिलेला असतो. झाडाचं अख्खं खोड पोखरून तो करतात. त्यासाठी जे झाड वापरतात त्याला किरुंडी भाषेत ‘उमुवुगांगोमा’ म्हणतात, म्हणजे ढोलाला बोलतं करणारं झाड. तोंडावर गाईचं कातडं ताणून लाकडी खुंट्यांनी ठोकून बसवतात. ढोल उभा ठेवून दोन जाड काठ्यांनी वाजवतात. वादकांचा ताफा येतो तोच हे वजनदार ढोल डोक्यावर पेलत आणि वाजवत. मग अर्धवर्तुळ होतं. ढोल डझनभर किंवा त्याहून जास्त, पण संख्या नेहमी विषम. मधोमध एक ढोल, ‘इंकिरान्या’. सगळ्यांचा ठेका तो ठरवतो. काही ढोल अखंड एकच ठेका धरून राहतात, त्यांना ‘अमाशाक्वे’ म्हणतात. काही मधल्या ढोलाच्या मागोमाग जातात, ते ‘इबिशिकिझो’. एकेक वादक आपली जागा सोडून मध्ये येतो, उड्या घेत नाचतो, मधल्या ढोलावर आपलं म्हणणं मांडतो आणि परत ओळीत जाऊन दुसऱ्याला साथ देऊ लागतो. पुढे येणं आणि मागे सरणं ही दोन्ही कौशल्यं इथं सारख्याच मोलाची आहेत. एकट्यानं वाजवायचं हे वाद्यच नाही. ज्याला इतरांचं ऐकता येत नाही तो या अर्धवर्तुळात टिकणार नाही.

राजेशाहीच्या काळात हे ढोल राजाचे होते. सर्वांत पवित्र ढोल ‘कार्येंडा’. तो राजसत्तेचं रूपच मानला जाई आणि फार क्वचित बाहेर निघे. वर्षाचा मोठा प्रसंग म्हणजे डिसेंबरमधला ‘उमुगानुरो’, ज्वारीच्या पेरणीचा सण. राजानं पेरणीला आशीर्वाद द्यायचा, ढोल वाजायचे आणि मग देशभर ज्वारी पेरली जायची. नवा राजा गादीवर आला, राजा वारला, की ते ढोलच सांगत. ढोल सांभाळण्याचा मान ठरावीक घराण्यांकडे होता. गितेगाजवळच्या गिशोरा टेकडीवरचं ढोलांचं स्थान आजही प्रसिद्ध आहे, आणि तिथले वादक त्याच राखणदारांचा वारसा सांगतात. 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा राष्ट्रध्वजाच्या मधोमध कार्येंडा आणि ज्वारीचं रोप होतं. ज्या देशानं झेंड्यावर ढोल काढला त्याला ढोलाचं मोल बाहेरून कुणी शिकवायला नको, एवढं मी आधीच मान्य करतो.

आणखीही बरंच मान्य करायला हवं. आफ्रिकेतला ढोल म्हणजे ज्याला वाटेल त्यानं, वाटेल तेव्हा वाजवावा असा मोकळा पसारा, ही पर्यटन-पत्रिकांनी पसरवलेली कल्पना आहे. जवळजवळ प्रत्येक समाजात त्यावर बंधनं होती. घानातल्या असान्ते लोकांत ‘फोंतोमफ्रोम’ हे मोठे ढोल मोठ्या मानाच्या प्रमुखासाठीच वाजतात. योरुबा लोकांत ढोलवादन घराण्यात चालत येतं. बुरुंडीत राजाच्या ढोलावर हात टाकायचा हक्क सामान्य पुरुषालाही नव्हता, मग स्त्रीची गोष्टच सोडा. तेव्हा “बंधन आलं म्हणजे परंपरेचा अपमान झाला” असं कुणी म्हणत असेल तर त्याला परंपरा माहीत नाही. न्कुरुन्झिझांच्या समर्थकांचा हा मुद्दा खरा आहे, आणि त्याला उत्तर न देता नुसता समतेचा घोष करणं हा आळस आहे.

पण मग त्याच परंपरेत नीट पाहू. कार्येंडाची राखण कोण करत असे? त्या ढोलाला वाहिलेली एक स्त्री असे, ‘मुकाकार्येंडा’. ती त्या ढोलाची पत्नी मानली जाई. जुन्या व्यवस्थेत स्त्रीच्या हाती काठ्या नव्हत्या हे खरं, पण तिला ढोलापासून दूर ठेवलेलं नव्हतं. सर्वांत पवित्र ढोलाजवळ तिची जागा होती, कर्तव्य होतं, मान होता. 2017 च्या आदेशानं तिला काय दिलं? ढोल वाजत असताना बाजूला नाचायची मुभा. जुनी वाटणी जशीच्या तशी राखायची तर मुकाकार्येंडाही परत आणा, राजाही आणा, उमुगानुरोचा सगळा विधी आणा. त्यातलं एवढं एकच उचलायचं, बाईच्या हाती काठी नको, आणि त्यालाच परंपरा म्हणायचं, ही निवड आहे. निवड करणाऱ्यानं तिची जबाबदारी घ्यावी, पूर्वजांच्या नावावर खपवू नये.

ज्या परंपरेच्या नावानं हुकूम निघाला तिचा आधार तर पन्नास वर्षांपूर्वीच कोसळला होता. उमुगानुरोचा दरबारी विधी वसाहतकाळातच मिशनरी आणि बेल्जियन प्रशासन यांच्या दबावाखाली बंद पडला. 1966 च्या नोव्हेंबरमध्ये लष्करी उठाव झाला, राजेशाही संपली आणि झेंड्यावरचा ढोल पुसला गेला. पुढच्याच वर्षी त्या जागी तीन तारे आले. म्हणजे ढोलाला राष्ट्रचिन्हातून काढणारंही सरकारच होतं. त्यानंतर ढोल जगला तो कुणाच्या बळावर? टेकड्यांवरच्या वादकांच्या, लग्नघरांच्या, गावातल्या सणांच्या, शहरात तयार झालेल्या तरुण मंडळांच्या. सरकारांनीही तो वापरला, विमानतळावर पाहुण्यांच्या स्वागताला आणि पक्षाच्या मेळाव्यांना. पण राजा गेल्यावर ढोलाचा एकच मालक उरला नव्हता, आणि ही त्याच्या आयुष्यातली मोठी घटना होती. राजाचा ढोल लोकांचा झाला. जे पूर्वी विशिष्ट घराण्यांत होतं ते बाहेर आलं, आणि अलीकडच्या काळात काही स्त्रियांनीही काठ्या हातात घेतल्या. हे परंपरेचं बिघडणं म्हणायचं का? म्हणायचंच असेल तर दरबाराबाहेरच्या पुरुषांनी काठ्या धरल्या तेव्हाच ती बिघडली होती, आणि तेव्हा कुणी आदेश काढला नव्हता.

“स्त्रीनं ढोल वाजवणं आफ्रिकेच्या स्वभावातच नाही” असं सर्रास बोललं जातं. त्याला उत्तर द्यायला आफ्रिका सोडून कुठं जावं लागत नाही. सहारातल्या तुआरेग लोकांचा ‘तेंदे’ हा ढोल स्त्रियाच वाजवतात. धान्य कांडायच्या उखळावर ओलं कातडं ताणून तो तयार होतो. रोजच्या कष्टाचं साधन संध्याकाळी वाद्य होतं आणि त्याभोवती सगळी वस्ती जमते. दक्षिण आफ्रिकेतल्या वेंडा समाजात मुलींच्या वयात येण्याच्या विधींमध्ये ढोल मुली आणि बायकाच वाजवतात. मॉरिटानियात ‘त्बल’ हा मोठा ढोल बायकांच्या हातातला. एका खंडात हजारो समाज आहेत, आणि बायकांनी काय करावं याची उत्तरंही तितकीच वेगवेगळी आहेत. बुरुंडीचा पक्ष घेणाऱ्यांनी निदान “आफ्रिकन परंपरा” हा शब्द तरी जपून वापरावा.

बुरुंडीच्या सीमेला लागून असलेल्या रवांडात तर हा प्रश्न अधिक कडू परिस्थितीत विचारला गेला आणि त्याचं उत्तरही मिळालं. तिथंही राजसत्तेचा ढोल होता, ‘कालिंगा’. तिथंही बायकांनी ढोलाजवळ जायचं नाही असा दंडक होता. 1994 च्या वंशसंहारात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. दहा वर्षांनी, 2004 मध्ये, ओदिल गाकिरे कातेसे या नाट्यकर्मी स्त्रीनं बुतारे शहरात फक्त स्त्रियांचं एक ढोलपथक उभं केलं, ‘इंगोमा न्शिया’. त्यात मारल्या गेलेल्यांच्या विधवा आणि मुली होत्या, आणि मारणाऱ्यांच्या बायका आणि मुलीही होत्या. या बायकांना एका खोलीत बसवून “आता बोला” असं कुणी सांगितलं असतं तर काय झालं असतं? वर सांगितलं तसं, या वादनात दुसरीचं ऐकल्याशिवाय तुम्हाला पुढची काठी मारताच येत नाही. बोलणं जिथं शक्य नव्हतं तिथं ऐकणं शक्य झालं. या पथकानं सगळ्यांचं दुःख मिटवलं असा दावा मी करणार नाही. तसले दावे बाहेरून आलेले लोक फार करतात. पण ढोलाचं समाजातलं काम काय, असं मला कुणी विचारलं तर मी इंकिरान्याच्या आधी बुतारेकडे बोट दाखवीन. आणि हे घडलं ते जुना दंडक मोडल्यामुळे. तो पाळला असता तर त्या बायकांना एकत्र आणणारं दुसरं काय होतं?

आदेशाच्या बाजूचा दुसरा सबळ मुद्दा बाजाराचा आहे. जो ढोल राजाच्या मृत्यूची बातमी देई तो आज हॉटेलात जेवणाऱ्यांच्या करमणुकीला आणि मालाच्या जाहिरातीला वाजतो. ज्यानं हे वादन वडिलांकडून घेतलं त्या माणसाला हे पाहताना त्रास होत नसेल का? होणारच, आणि त्या त्रासाला मी जुनाट म्हणणार नाही. कलेचं मोल पैशात होऊ लागलं की आधी विधी गळतो, मग ठेके सोपे होतात, आणि शेवटी ज्याचं नाव मोठं त्याचंच पथक उरतं. पण आदेशानं यावर काय उपाय केला? परवानगी आणि शुल्क. म्हणजे हॉटेलवाला पैसे भरून पथक आणू शकतो, आणि टेकडीवरचं गाव ज्वारीच्या सुगीला आपलेच ढोल वाजवायला निघालं तर अडतं, कारण त्याच्याकडे ना शुल्काचे पैसे, ना मंत्रालयात ओळख. बाजारूपणा रोखायचा म्हणून काढलेला नियम ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच वाट मोकळी ठेवतो. बाजाराचा खरोखर राग असता तर नियम उलट लिहिला गेला असता: लग्न, पेरणी, मर्तिक यांना पूर्ण मोकळीक आणि धंद्यासाठी अटी.

मग बंधन नकोच का? तसं मी म्हणत नाही, आणि माझ्या म्हणण्याचा हा भाग नीट कळावा म्हणून पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या अक्रा शहरात जातो. तिथल्या गा लोकांचा मोठा सण ‘होमोवो’. त्याआधी सुमारे महिनाभर शहरात ढोल आणि गोंगाट बंद असतो. पिकं वाढत असताना देवांना शांतता हवी, अशी ती श्रद्धा. अक्रा आता राजधानी आहे, देशभरातून आलेली माणसं तिथं राहतात, आणि ढोल, ड्रमसेट, ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करणारी चर्च गल्लोगल्ली आहेत. 1990 च्या दशकाच्या अखेरीस यावरून दंगे झाले. बंदीच्या काळात वाजवणाऱ्या चर्चवर तरुणांनी हल्ले केले, माणसं जखमी झाली. त्या हिंसेचं समर्थन होऊच शकत नाही, आणि परक्या धर्माच्या माणसानं तुमच्या देवासाठी गप्प का बसावं, हा प्रश्नही खरा आहे. तरी या बंदीत आणि बुरुंडीच्या आदेशात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गा लोक आधी स्वतःचे ढोल बंद करतात. बंदीला सुरुवात आहे आणि शेवट आहे, आणि शेवट झाला की सगळं शहर ढोलांनी दणाणून जातं. ती सर्वांना सारखी आहे. अमक्यानं वाजवावं आणि तमकीनं नाही असं ती म्हणत नाही. आणि दंग्यांनंतर सरकार, चर्च आणि गा पारंपरिक मंडळ यांना एकत्र बसून कुणी कधी किती आवाज करायचा हे बोलावं लागलं. भांडत, कुरकुरत, पण बोलावं लागलं. समाज स्वतःला घालून घेतो ते बंधन असं दिसतं. जिथं वाटाघाटीला जागाच नाही, वरून फक्त कागद येतो, त्याला मी त्याच नावानं कसं हाक मारू?

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे, कारण तो न्याय्य आहे. ढोलांवर बोलायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? ज्या युरोपनं हे ढोल मूर्तिपूजा म्हणून बंद पाडले, त्याच युरोपच्या संगीतधंद्यानं पुढे बुरुंडीच्या ठेक्यांचं ध्वनिमुद्रण आपल्या लोकप्रिय गाण्यांत मिसळून पैसा केला. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात 1739 मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं, ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्यानं गुलामांना ढोल वापरायला बंदी केली. त्रिनिदादमध्ये ब्रिटिशांनी 1880 च्या दशकात कार्निव्हलमधल्या आफ्रिकी ढोलांवर बंदी आणली, आणि त्याच बेटावर 1884 मध्ये मोहरमच्या मिरवणुकीत ताशे वाजवत निघालेल्या भारतीय मजुरांवर गोळीबार करून डझनाहून अधिक माणसं मारली. हा इतिहास असलेल्यांनी आता मानवी हक्कांचे धडे द्यावेत, याचा संताप येणं स्वाभाविक आहे. मला स्वतःला तो येतो.

पण हाच इतिहास शेवटपर्यंत वाचा. वसाहतवाल्यांना ढोलाची भीती का वाटत होती? आवाजामुळे? ढोलाभोवती माणसं जमतात, एका तालात चालतात आणि मालकाला न कळणारं काही एकमेकांना सांगतात, याची ती भीती होती. म्हणून त्यांनी तो बंद केला किंवा वर्दीतल्या माणसाच्या मर्जीवर ठेवला. 2015 मध्ये न्कुरुन्झिझांनी तिसऱ्यांदा निवडणूक लढवायचं ठरवलं, लोक रस्त्यावर उतरले, उठावाचा प्रयत्न फसला आणि काही लाख माणसं देश सोडून शेजारच्या देशांत गेली. त्यानंतर दोन वर्षांनी ढोलाभोवती जमायला परवानगी लागू लागली. या दोन घटनांचा संबंध मी जोडतो. कुणाला तो ओढूनताणून आणलेला वाटेल. पण वसाहतवादाला उत्तर म्हणून जे सांगितलं जातंय ते वसाहतवादाचंच हत्यार आहे, हे तरी नाकारता येईल का? त्रिनिदादच्या लोकांनी उत्तर वेगळं दिलं. कातडी ढोल बंद झाले तेव्हा त्यांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ठेका धरला, पुढे बिस्किटांचे डबे आणि तेलाची पिंपं ठोकून ‘स्टीलपॅन’ घडवलं. आज ते त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे. त्यातलं एकही वाद्य जुन्या अर्थानं परंपरेतलं नव्हतं, तरी त्यांनी परंपराच चालू ठेवली.

उरतो तो संरक्षणाचा मुद्दा. सरकारनं हात आखडला तर हे सगळं नाहीसं होईल, असं फार लोकांना मनापासून वाटतं. त्यांना आपल्याच पश्चिम किनाऱ्याकडे पाहायला सांगतो. पूर्व आफ्रिकेतून कित्येक शतकांपूर्वी आलेल्या, आणलेल्या माणसांचे वंशज म्हणजे आपले सिद्दी. मुरुड-जंजिऱ्याचं त्यांचं राज्य आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतं, पण त्यांतले बहुसंख्य राजे नव्हते. गुलाम, शिपाई, खलाशी होते. गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यावर सिद्दी आजही ‘धमाल’ हे नृत्य करतात, आणि त्यात आफ्रिकेतून आलेला ‘मुगरमान’ हा ढोल वाजतो. त्यांची मूळ भाषा गेली, गावांची नावं गेली, ढोल राहिला. कुठल्या मंत्रालयानं तो राखला? उरूस होता, नवस होते, लग्नं होती, ढोलावाचून ती होत नव्हती, म्हणून तो राहिला. समाजाला ज्याची गरज असते ते वाजतं. गरज संपली की सरकारी यादीत नाव असूनही फक्त प्रयोग उरतो.

हेच मला स्त्रीहक्काच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही सांगायचं आहे. समजा, उद्या त्या आदेशातलं स्त्रियांचं कलम तेवढं वगळलं. मग बायकांनाही मंत्रालयात नोंदणी करता येईल, शुल्क भरता येईल, सरकारी समारंभात वाजवता येईल. वर्तमानपत्रं विजय साजरा करतील. आणि डोंगरावरच्या बाईला आपल्या मुलीच्या लग्नात ढोल वाजवायला तरीही कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. समतेची मागणी परवान्याच्या आत अडकली तर तिचा उपयोग राजधानीतल्या चार पथकांना होईल, बाकीच्यांना नाही. दोन्ही कलमं एकदम रद्द करा, अशीच मागणी हवी.

यात युनेस्कोची जबाबदारी मोठी आहे आणि तिच्याविषयी फारच कमी बोललं जातं. बुरुंडीचं ‘राजढोलाचं विधिनृत्य’ 2014 मध्ये युनेस्कोच्या मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. तेव्हाच्या वर्णनात वेगवेगळ्या पिढ्यांच्या आणि वेगवेगळ्या मुळांच्या लोकांना एकत्र आणणारी प्रथा म्हणून तिचा गौरव झाला. ज्या 2003 च्या करारावर ही यादी उभी आहे त्यात वारसा कुणाचा हे स्पष्ट आहे: समूह, गट आणि व्यक्ती ज्याला आपला वारसा मानतात तो. मानवी हक्कांशी जुळणाऱ्या वारशाचाच विचार होईल असंही त्यात लिहिलेलं आहे. यादीत नाव घालताना संबंधित लोकांची मोकळी संमती लागते. पण नाव लागल्यानंतरचा अहवाल दर काही वर्षांनी देतं कोण? सरकार. म्हणजे ज्यानं स्त्रियांना अर्धवर्तुळाबाहेर काढलं आणि गावांना परवान्याच्या रांगेत उभं केलं, तोच या वारशाची स्थिती कशी आहे ते जगाला कळवणार. अहवालासोबत गिशोराच्या वादकांचं, टेकड्यांवरच्या पथकांचं, काठ्या हातात घेतलेल्या स्त्रियांचं आणि रवांडातल्या छावण्यांमध्ये ढोल घेऊन गेलेल्या निर्वासितांचं म्हणणं स्वतंत्रपणे, सरकारच्या शिक्क्याशिवाय, मागवण्याची सक्ती युनेस्कोनं करावी. यादीत शिरताना जी संमती आवश्यक मानली, ती यादीत राहतानाही आवश्यक का नसावी?